सरासरी सरकते तेव्हा

पुण्यात शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' नावाचा चौक आहे. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून येथे आले. पुढे ते दिल्लीला गेलेही, पण चौकाचे नाव तेच राहिले. तापमानाच्या आकड्यांचे नेमके उलटे होते. आकडा लक्षात राहतो आणि तो कशाच्या तुलनेत सांगितला, हे मागे पडते. आज, २३ मार्चला, जागतिक हवामान दिनी त्याबद्दल बोलायला हवे.

उदाहरण घरचेच घेऊ. २०१६ हे वर्ष देशात सरासरीपेक्षा ०.७१ अंशाने उष्ण होते, असे हवामान खाते सांगत असे. आता त्याच वर्षापुढे ०.५४ लिहिले जाते. कोणी लपवाछपवी केली? नाही. आधी तुलना १९८१ ते २०१० या तीस वर्षांच्या सरासरीशी होती, आता ती १९९१ ते २०२० शी आहे. दर दहा वर्षांनी सरासरी पुढे सरकवायची, हा जगभरचा रिवाज आहे आणि पेरणीच्या किंवा विजेच्या नियोजनाला तो सोयीचाही आहे. पण या मधल्या काळात सरासरीच वर चढली. मोजपट्टीच उंच झाली, म्हणून मूल बुटके दिसू लागले! एवढे होऊनही २०२४ ने ०.६५ ची नोंद केली. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातले सर्वांत उष्ण वर्ष तेच.

जगाचा हिशेब १८५० ते १९०० या काळाशी मांडतात. त्या हिशेबाने २०२४ सुमारे १.५५ अंशाने उष्ण ठरले. लगेच 'पॅरिस कराराची मर्यादा मोडली' असे मथळे आले. आम्हा वर्तमानपत्रवाल्यांना घाई असतेच. करारातली दीड अंशाची मर्यादा मात्र एका वर्षाला लागू होत नाही, ती दीर्घकालीन सरासरीची आहे.

एका वर्षावर हवाला ठेवला की उलटी फसगतही होते. १९९१ मध्ये पिनाटुबो ज्वालामुखी फुटला आणि पुढल्या वर्षी जग सुमारे अर्ध्या अंशाने निवले. १९९८ मध्ये प्रबळ एल निनोने पारा चढवला. मग नेमक्या त्याच शिखरापासून रेघ ओढून 'तापमानवाढ थांबली' असे सांगणारे पुष्कळ निघाले. ती रेघ वीस वर्षे आधीपासून सुरू केली असती, तर चढ दिसलाच असता. आज १९९८ पहिल्या दहा उष्ण वर्षांतही नाही. ते दहाही क्रमांक २०१५ पासूनच्या वर्षांनी घेतले आहेत.

उन्हाळ्याच्या बातम्या आता रोज येतील. 'पारा सरासरीपेक्षा चार अंशांनी वर' असे आम्ही लिहू, तेव्हा कोणत्या तीस वर्षांची सरासरी, हे वाचकांनी आम्हाला जरूर विचारावे.