तार लपवा, तिची वाट लपवू नका

बारामती आणि इंदापूर हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतात. एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा ४० अंशांच्या घरात जातो. दुपारी वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात, तर ऊन थेट बाकांवर येते. लावून पडदे ओढावेत, तर भर दिवसा दिवे लावावे लागतात. प्रवासातही हीच अडचण. ऑगस्ट २०२२ मध्ये पुणे-सिकंदराबाद शताब्दी गाडीला मोठ्या काचांचा व्हिस्टाडोम डबा जोडण्यात आला. इंदापूर तालुक्यातील भिगवणजवळ उजनीचे पाणी पाहायला मोठी काच हवीच. पण तिच्यातून येणारे ऊन नको!

बटण दाबताच गडद होणारी काच हा यावरचा एक उपाय आहे. बोइंग ७८७ विमानांत खिडकीला झडप नसून अशीच काच असते. इमारतींसाठीही अशा काचा तयार होतात. तिची करामत पाहू. काचेवर इंडियम-टिन ऑक्साइडचे दोन पारदर्शक वाहक थर असतात. त्यांच्यामध्ये टंगस्टन ऑक्साइडचा थर, आयनांना वाट देणारा थर आणि आयन साठवणारा थर असतो. सुमारे ५ व्होल्टपर्यंतच्या विद्युत्दाबाने लिथियमचे आयन आणि इलेक्ट्रॉन टंगस्टन ऑक्साइडमध्ये शिरतात व ते निळे होते. प्रवाहाची दिशा उलटवली की काच पुन्हा स्वच्छ! टंगस्टन ऑक्साइडचा हा गुण एस. के. देब यांनी १९६९ मध्ये जगापुढे मांडला.

मग या काचेला तार जोडायची कोठे? पारदर्शक थराचा रोध तांब्याच्या तारेच्या मानाने फार मोठा असतो. एकाच टोकाला जोडणी केली, तर दूरच्या भागापर्यंत पुरेसा दाब पोहोचत नाही. म्हणून काचेच्या समोरासमोरच्या कडांवर धातूची अरुंद पट्टी बसवतात. तरीही मोठी काच आधी कडेला गडद होते आणि मध्यभाग मागून येतो. ही पट्टी आणि तिची तार चौकटीच्या खोबणीत दडवतात.

यात गैर काही नाही. लोंबणारी तार कुरूप दिसते, मुलांच्या हाताला लागते, ऊनपावसाने तिचे आवरण तडकते. माझा आक्षेप वेगळाच आहे. तार लपवताना तिच्यापर्यंत जाण्याची वाटही बुजवून टाकतात. मग एक सांधा सैल झाला तरी चौकट फोडावी लागते, आणि चांगली काच निकामी ठरते. वाड्याच्या खिडकीची बिजागरी कुरकुरली, तर कोणीही तेल घालू शकत असे. कारण ती डोळ्यांसमोर होती. नव्या खिडकीने ही सोय हिरावून घेऊ नये.

त्यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, सांधा चौकटीच्या वरच्या भागात, स्क्रूने उघडणाऱ्या झाकणाखाली असावा. खालच्या खोबणीत पावसाचे पाणी साचते. ते वाहून जाण्यासाठी ठेवलेली भोके तारेने बुजता कामा नयेत. दुसरी, भेगा बुजवण्याचे सिलिकोन पारखून घ्यावे. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, त्यातून वाळताना ॲसेटिक आम्ल बाहेर पडते आणि ते धातूच्या पट्टीला गंज चढवते. तिसरी, तार कोठून कोठे गेली याचा नकाशा घरमालकाकडे असावा.

हा तिसरा नियम केवळ महागड्या काचांसाठी नाही. भिंतीत पुरलेल्या तारा आज गावोगावच्या घरांत आहेत आणि त्यांत २३० व्होल्टचा दाब असतो. खिळा ठोकताना आत तार आहे की नाही, हे किती घरांत ठाऊक असते? तार बटणापासून सरळ उभी किंवा आडवी गेली असेल, असा अंदाज बांधतात. पण अंदाज म्हणजे नकाशा नव्हे.

विद्यार्थी मित्रांनो, गावात नवे घर किंवा नवा वर्ग बांधला जात असेल, तर गिलावा होण्यापूर्वी वायरमनकाकांना विचारून भिंतीतील नळ्यांचे चित्र काढा, जमिनीपासूनची मापे लिहा. हात मात्र कोठेही लावू नका. शिक्षकांनी ही चित्रे शाळेच्या दप्तरी जपून ठेवावीत. दहा वर्षांनी दुरुस्तीला येणारा माणूस त्या कागदाला दुवा देईल.