पाच भाकरींचा हिशेब

शुभवर्तमानांतील अद्भुत कथांना नीतिपाठाचे रूप देण्याची जी एक सोयीची रीत सांप्रत व्यासपीठांवरून आणि छापील प्रवचनांतून रूढ होत चालली आहे, तिच्याविषयी चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हांस भाग पडले आहे. निमित्त घडले ते एका प्रवचनाचे. वक्ते विद्वान होते, वाणी रसाळ होती, आणि विषय होता पाच भाकरी व दोन मासळ्या यांवर पाच हजार माणसे जेवली ती कथा. कथा सांगून झाल्यावर वक्ते जरा थांबले आणि घरातले गुपित फोडावे तशा हलक्या आवाजात म्हणाले की, वास्तविक तेथे भाकरी वाढल्या वगैरे काही नाहीत. जमलेल्या प्रत्येकाच्या झोळीत शिदोरी होतीच, परंतु शेजाऱ्यास द्यावी लागेल या भीतीने कोणी ती बाहेर काढीत नव्हता. एका मुलाने आपली पुढे केली, तेव्हा सर्वांस लाज वाटली, झोळ्या सुटल्या, आणि सगळे पोटभर जेवले. खरा चमत्कार तो हाच! श्रोत्यांच्या मुद्रांवर समाधान पसरले. आम्हांस मात्र घरी येईपर्यंत आणि त्यानंतरही पुष्कळ वेळ स्वस्थता लाभली नाही.

हा शोध त्या वक्त्यांचा नव्हे, आणि नवा तर मुळीच नव्हे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कार्ल फ्रीड्रिख बार्ट या जर्मन लेखकाने असे सुचविले होते की, येशू एका गुहेच्या तोंडाशी उभा होता आणि आत इसेनी पंथाच्या मंडळींनी भाकरींचा साठा गुप्तपणे करून ठेवला होता! त्याच्या मानाने हायडेलबर्गचे प्राध्यापक हाइन्रिख पाउलुस पुष्कळ सभ्य. त्यांनी १८२८ साली प्रसिद्ध केलेल्या येशूच्या चरित्रात असे मांडले की, समुदायातील सधन लोकांना कित्ता घालून द्यावा म्हणून येशूने आपल्याजवळचे अन्न वाटावयास आरंभ केला आणि इतरांनी त्याचे अनुकरण केले. आमच्या वक्त्यांनी सांगितले ते हेच. त्यात लाजेची फोडणी तेवढी नवी. ह्या उपपत्तीचे वाभाडे काढले ते कोणा धर्मोपदेशकाने नव्हे, तर डाव्हिड फ्रीड्रिख श्ट्राउस ह्या सत्तावीस वर्षांच्या तरुणाने, १८३५ साली. श्ट्राउसचा अद्भुतावर विश्वास नव्हता, आणि त्या ग्रंथापायी त्याला ट्यूबिंगेनमधील आपली जागा गमवावी लागली. त्याचे म्हणणे असे की, अलीशा संदेष्ट्याने वीस भाकरींवर शंभर माणसे जेवविली आणि अन्न उरले, ही जी जुन्या करारातील कथा, तिच्याच साच्यात ही नवी कथा आद्य ख्रिस्ती मंडळीच्या श्रद्धेने ओतली. हे मत आम्हांस पटत नाही. पण त्याच्यापुढे आम्ही आदराने उभे राहू. अद्भुत घडतच नाही असे म्हणणारा ह्यूमदेखील आम्हांस वंद्य आहे. तो जे नाकारतो ते उघड नाकारतो. कथेचा प्राण काढून घेऊन कलेवरास अलंकार घालीत बसत नाही.

आता मूळ लेखांकडे वळू. येशूचे पुनरुत्थान सोडले तर चारही शुभवर्तमानांत आलेला अद्भुताचा प्रसंग हा एकच. मार्क सांगतो की लोक हिरव्या गवतावर शंभर-शंभर, पन्नास-पन्नास अशा पंक्ती करून बसले. योहान सांगतो की वल्हांडण सण जवळ आला होता, म्हणजे दिवस वसंताचे. आणि भाकरी जवाच्या होत्या, असेही तोच सांगतो. जव हे त्या देशात गरिबाचे धान्य. आपल्याकडे नाचणीच्या भाकरीला जे स्थान, तेच तेथे जवाच्या भाकरीला. फिलिप्प हिशेब करतो की दोनशे दीनारांच्या भाकरी आणल्या तरी प्रत्येकास घास-घासही पुरणार नाहीत. दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. तेव्हा एका माणसाने दोनशे दिवस राबून मिळविलेले धन, आणि खाणारी तोंडे पाच हजार. त्यातही मत्तय बजावतो की ही गणती पुरुषांची, स्त्रिया व मुले वेगळी. अन्न किती होते, किती हवे होते, किती उरले, याचा असा आकडेवार हिशेब देणाऱ्या लेखकांना पाच हजार झोळ्या तेवढ्या दिसल्या नाहीत काय?

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. भाकरी वाढल्या असे शब्द चौघांपैकी एकानेही लिहिलेले नाहीत. त्याने भाकरी घेतल्या, वर आकाशाकडे पाहून आशीर्वाद उच्चारला, मोडल्या आणि शिष्यांपाशी दिल्या. त्यानंतर एकदम सर्व तृप्त झाल्याची वार्ता. मधला क्षण झाकलेलाच राहिला आहे. पण झाकलेल्या जागी आपणांस हवे ते भरावे असा परवाना यातून मिळत नाही. उरलेल्या तुकड्यांनी बारा टोपल्या भरल्या, आणि योहानाने तर ते तुकडे त्याच पाच भाकरींचे असे स्पष्ट म्हटले आहे. पुढे तारवात बसले असता येशू शिष्यांना टोपल्यांची संख्या विचारतो, ते बारा आणि सात असे सांगतात, आणि तरीही तुम्हांस उमजत नाही काय असे तो खेदाने विचारतो. झोळ्या सुटल्याची गोष्ट असती तर त्यात न उमजण्यासारखे काय होते? आणि जेवून उठलेल्या लोकांनी त्यास बळेच राजा करण्याचा घाट घातला, असे योहान सांगतो. आमची शिदोरी आम्हांलाच काढावयास लावून ज्याने आम्हांस शरमिंदे केले, त्याला आपण फार तर सज्जन म्हणू. त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवावयास कोणी धावत नाही.

परंतु आमचा खरा राग ह्या युक्तिवादाच्या लंगडेपणावर नाही. वक्त्यांच्या लक्षात आले नसेल, पण त्यांनी त्या पाच हजार लोकांवर एक भयंकर आरोप केला आहे. गालीलातील कोळी, शेतकरी, मजूर, मागे आजारी माणसे, कडेवर पोरे. संध्याकाळ झाली, पोरे भुकेने रडू लागली, आणि प्रत्येक बाप झोळीतली भाकरी चाचपून गप्प बसून राहिला! ह्या लोकांविषयी शुभवर्तमान काय म्हणते? ते मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे होते आणि त्यांना पाहून येशूला कळवळा आला. तो कळवळा काढून त्याच्या जागी संशय बसविण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? ज्याच्या घरी दोन वेळचे अन्न निश्चित आहे, त्यालाच असे वाटू शकते की भुकेल्याजवळ कोठे तरी काही लपविलेले असलेच पाहिजे.

हा ग्रंथ मूळ भाषांवरून मराठीत आणणारांपैकी एक पंडिता रमाबाई होत. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात त्यांचे आई, वडील व थोरली बहीण उपासमारीने हाल होऊन गेली. पुढे १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांत त्यांनी शेकडो अनाथ स्त्रिया व मुली आणून केडगावच्या मुक्तिसदनात ठेवल्या. त्यांचे संपूर्ण भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. ज्या हाताने केडगावी भुकेल्यांस अन्न वाढले त्याच हाताने गालीलातल्या भाकरींची ही कथा मराठीत उतरविली. त्या स्त्रीसमोर उभे राहून आमचे वक्ते म्हणू शकले असते काय की, बाई, अन्न सगळ्यांजवळ होतेच, केवळ मनाचा कोतेपणा आड आला?

दुसऱ्या बाजूसही आमचे दोन शब्द आहेत. तुमच्या कोणत्या देवाने पाच हजार जेवविले, असा सवाल टाकून ह्या कथेचा दाखला प्रशस्तिपत्रासारखा फडकविणारे उपदेशक आहेतच. त्यांनी मार्काचे आठवे प्रकरण पुन्हा वाचावे. चार हजारांना जेवू घातल्याबरोबर परूशी येऊन आकाशातून चिन्ह मागतात, आणि येशू ते साफ नाकारतो. अरण्यात स्वतः भुकेला असताना त्याने धोंड्यांच्या भाकरी करण्याचे नाकारले होते. राजपद देऊ करणाऱ्यांच्या हातून निसटून तो एकटा डोंगरावर गेला. जे त्याने पुरावा म्हणून वापरले नाही, ते त्याच्या नावाने आपण पुरावा म्हणून का वापरावे?

ह्या गोंधळाचे थोडे खापर आम्ही आमच्या शब्दावरही फोडतो. 'चमत्कार' म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे गारुड्याची टोपली उभी राहते. ग्रीक लेखात हा शब्द नाही. पहिले तीन लेखक बहुधा सामर्थ्य या अर्थाचा शब्द योजतात, आणि योहान चिन्ह या अर्थाचा. चिन्ह हे कशाकडे तरी बोट दाखवीत असते. ऑगस्टीन हा पाचव्या शतकातला आचार्य ह्या कथेवर बोलताना म्हणतो की, मूठभर बियांतून दरवर्षी सगळ्या जगाचे पीक उभे राहते ते ह्याहून मोठे अद्भुत, परंतु रोजचे म्हणून त्याकडे कोणी पाहत नाही. जो हे करतो त्यानेच ते केले. म्हणजे प्रश्न निसर्गाचे नियम मोडले की नाही हा नसून, रोजची भाकर कोण देतो हा आहे. आमच्या घरी द्रौपदीच्या थाळीची कथा मुलांना सांगतात. त्या थाळीला पान वगैरे काही चिकटले नव्हते, दुर्वासांची व्यवस्था शेजारच्या आश्रमांनी परस्पर केली होती, असे कोणी सांगू लागला तर आमची आजी त्यास काय म्हणेल हे लिहिण्याची गरज नाही. श्रीकृष्णावर तिची श्रद्धा आहे म्हणूनच ती चिडेल असे नव्हे. कथा कशाविषयी आहे हे तिला ठाऊक आहे म्हणून चिडेल.

ही कथा कशाविषयी आहे? घेणे, आशीर्वाद उच्चारणे, मोडणे, देणे ह्या ज्या चार क्रिया हिरव्या गवतावर, त्याच चार क्रिया अखेरच्या रात्रीच्या भोजनात. ख्रिस्ती श्रद्धेचे सारे वजन शेवटच्या क्रियेवर आहे: दिले. माणसाजवळ जे नव्हते ते त्यास मिळाले. त्याच्याजवळचे थोडेसे, ती पोराची शिदोरी, तुच्छ मानली नाही. ती मागून घेतली. पण ती पुरली ती तिच्या बळावर नव्हे. आमच्या वक्त्यांच्या कथेत मात्र देणारा कोणी उरतच नाही. सगळे सर्वांपाशी आधीच होते. येशू केवळ लाज वाटविणारा शाळामास्तर. वाटून खावे हा उपदेश उत्तम आहे, त्याला आमचा काडीचाही विरोध नाही. परंतु तो ऐकावयास गालीलाच्या माळावर जाण्याचे कारण नाही, कोणत्याही बालबोध पुस्तकात तो सापडेल. ज्याला फुकट मिळाले आहे तो वाटील, आणि हात आखडल्यास त्याला आपण ऋण बुडविले असे वाटेल, ही ख्रिस्ती नीतीची मांडणी. तिच्यात मिळणे आधी आहे. ते काढून टाकले की मागे राहतो तो हुकूम, आणि हुकूमाने भाकरी वाढल्याचे आम्ही कोठे वाचलेले नाही.

वक्त्यांचा हेतू चांगला होता, हे आम्ही जाणतो. सुशिक्षित तरुणास अद्भुत पचत नाही, तेव्हा त्यास पचेल असे काही द्यावे, म्हणजे तो मंदिरात टिकून राहील. दुसऱ्या दिवशी कफर्णहूमच्या सभास्थानात हीच अडचण खुद्द येशूपुढे आली होती. काल जेवलेले लोक पुन्हा भाकरीसाठी आले, तेव्हा खरी भाकर आपण स्वतःच आहो असे त्याने सांगितले. शब्द कठीण वाटले, कुजबूज झाली, आणि पुष्कळ शिष्य त्याला सोडून चालते झाले. त्यांना थोपवून धरावयास एक सोपे वाक्य पुरले असते. ते त्याने उच्चारले नाही. जाणारांना जाऊ दिले, आणि उरलेल्या बारांकडे वळून, तुम्हीही जाता काय, एवढेच विचारले.