ठसा, प्रत आणि मूळ

'मर्यादित आवृत्ती' या शब्दांभोवती कलाबाजाराने जे वलय निर्माण केले आहे, त्याविषयी मला नेहमीच शंका वाटत आली आहे. मुद्राचित्राच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेला अपूर्णांक पाहून आपण त्याची दुर्मीळता मोजतो. मोजायला हवे ते वेगळेच असते.

फ्रेंच घनवादी चित्रकार झाक व्हियों (1875–1963) यांचे 1920 सालचे 'बोदलेर' हे एचिंग पाहावे. यांचे खरे नाव गास्तों द्युशाँ. आडनाव त्यांनी पंधराव्या शतकातील कवी फ्रांस्वा व्हियोंकडून घेतले. मार्सेल द्युशाँ हे त्यांचे धाकटे बंधू. मधले बंधू रेमों हे शिल्पकार. रेमोंनी 1911 मध्ये बोदलेरचे शीर्षशिल्प घडविले. पुढे महायुद्धात सैन्याच्या वैद्यकीय सेवेत असताना त्यांना विषमज्वर झाला आणि त्याच दुखण्यात 1918 मध्ये त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी थोरल्या भावाने ते शिल्प धातूच्या पत्र्यावर उतरविले. घनवादाच्या रीतीने त्यांनी मस्तकाचे पृष्ठभाग वेगळे केले. समांतर रेषांची दिशा बदलत प्रत्येक पृष्ठभागावरचा उजेड वळविला.

आता यातले मूळ कोणते? बोदलेर 1867 मध्ये वारला. 1876 मध्ये जन्मलेल्या रेमोंनी त्याला पाहिलेलेच नव्हते. म्हणजे शिल्प हेच एक वाचन आणि एचिंग हे त्या वाचनाचे वाचन. तरीही ते उसने वाटत नाही. दिवंगत भावाच्या हातांनी घडविलेला एकेक उंचवटा पुन्हा समजून घेण्याचा तो प्रयत्न आहे, आणि त्या समजून घेण्यातच त्याचे स्वतंत्र मोल आहे.

याची दुसरी बाजूही नाकारता येत नाही. 1922 पासून सुमारे दहा वर्षे व्हियोंनी बेर्नेम-झ्यून या पॅरिसच्या दालनासाठी माने, सेझान, मातिस, पिकासो यांच्या चित्रांची रंगीत ॲक्वाटिंट केली. ती पोटापाण्यासाठी होती, आणि त्या काळात त्यांचे स्वतःचे चित्रकाम मागे पडले. व्हेनिसच्या द्वैवार्षिकात चित्रकलेचे सर्वोच्च पारितोषिक त्यांना मिळाले ते 1956 मध्ये, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी. दुसऱ्याचे चित्र उतरविणाऱ्याला अशी किंमत मोजावी लागते, हे भाषांतरकारांना वेगळे सांगायला नको.

आपल्यापैकी बहुतेकांनी बोदलेर फ्रेंचमधून वाचलेला नाही. तो इंग्रजीतून किंवा मराठीतून आपल्यापर्यंत आला. असे असूनही परीक्षणात आपण भाषांतरकाराला एक वाक्य देतो, तेही 'मुळाबरहुकूम' या विशेषणापुरते. व्हियोंचे एचिंग शिल्पाशी किती जुळते, एवढेच विचारून थांबणारा समीक्षक त्यातले जवळजवळ सारेच गमावील. भाषांतराला आपण याहून वेगळे प्रश्न कधी विचारणार आहोत?