पुराव्याचा अट्टाहास

‘आधीं पुरावा दाखवा, मग मानूं’ हें वाक्य आमच्या सुशिक्षितांच्या तोंडीं मंत्रासारखें बसलें आहे. या पंथाचा धुरीण इंग्रज गणिती विल्यम क्लिफर्ड. पुरेशा पुराव्यावांचून कांहींहि मानणें हा नैतिक अपराध होय, असा निवाडा त्यानें १८७७ सालीं दिला. जहाज जीर्ण झाल्याची शंका मनांत दडपून उतारूंना समुद्रांत लोटणारा मालक त्यानें अपराधी ठरविला, तो आम्हांसहि मान्य आहे. परंतु त्यावरून काढलेला सार्वत्रिक नियम आम्हांस मान्य नाहीं.

या नियमालाच पुरावा कोणता? आणि पुराव्याला पुरावा कोणता? प्रमाणांनीं पदार्थ सिद्ध होतात, तर प्रमाणें कशानें सिद्ध होतात, असें नागार्जुनानें ‘विग्रहव्यावर्तनी’त विचारलेंच होतें. दुसऱ्या प्रमाणानें म्हणावें तर अनवस्था; आपोआप म्हणावें तर मूळ प्रतिज्ञाच सुटते. आजवर अग्नीनें पोळलें म्हणून उद्यांहि पोळेल, हें अनुभवानें सिद्ध करूं जाणें म्हणजे साध्यालाच साधन करणें होय, हें ह्यूमच्या विवेचनानें अठराव्या शतकांतच उघड केलें. मग पुराव्याची वाट पाहत विस्तवांत हात घालणाऱ्यास विवेकी म्हणावयाचें काय?

येथें कुमारिलभट्टाचा नियम आम्हांस अधिक समंजस वाटतो. ज्ञान स्वतःच प्रमाण मानावें. त्याच्या कारणांत दोष दिसला किंवा बाधक ज्ञान पुढें आलें, तर टाकावें. मीमांसकांनीं ही ढाल वेदप्रामाण्यासाठीं पुढें केली, हें आम्ही विसरलों नाहीं; पण तिचा उपयोग तेवढाच नाहीं.

इतकें ऐकतांच बुवाबाजीचे कैवारी टाळ्या पिटतील: ‘मग आमच्या महाराजांच्या अंगाऱ्यानें ताप उतरतो, हेंहि माना!’ त्यांनीं घाई करूं नये. अंगारा लावूनहि ताप न उतरलेले रोगी हेंच येथलें बाधक ज्ञान. त्यांच्याकडे पाठ फिरविणारा मनुष्य श्रद्धाळू नव्हे. तो क्लिफर्डचा जहाजमालकच होय.

शिवाय, विवेकाला धरून मानणें निराळें आणि अढळ निश्चय निराळा. समांतर रेषांविषयींचें युक्लिडचें गृहीत दोन हजार वर्षें निःसंशय मानलें गेलें. परंतु लोबाचेव्स्कीनें १८२९ त व बोल्यायनें १८३२ त त्यावांचूनहि भूमिति उभी करून दाखविली. गृहीत धरणाऱ्यांचा अविवेक झाला नव्हता. तें कधींच ढळणार नाहीं हा अभिमान मात्र व्यर्थ ठरला.

म्हणून ‘पुरावा कोठें?’ एवढेंच विचारून थांबूं नये. ‘काय दिसलें असतां तुम्ही हें मत सोडाल?’ असें विचारावें, आणि तें प्रथम स्वतःस विचारावें.