सायकल, पक्षी आणि 200 ज्यूल

निफाडहून नांदूर मध्यमेश्वर सुमारे 12 किलोमीटर. रस्ता बव्हंशी सपाट, दोन्ही अंगांना ऊस आणि द्राक्षबागा. गोदावरी-कादवा संगमावरील हे पक्षी अभयारण्य 2020 साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. शाळेच्या सहली तेथे सायकलनेच जाव्यात, असे माझे मत आहे. (वारा समोरून आला, तर वायुरोधाचा धडाही फुकट मिळतो!) मात्र ‘सायकलला आवाज नाही, मग ती पाण्याच्या काठापर्यंत न्यायला काय हरकत आहे?’ हे म्हणणे मला मान्य नाही.

पक्षी नुसत्या आवाजाला भीत नाहीत. जवळ येणारी मनुष्याकृती ते ओळखतात. थांबलेल्या मोटारीपेक्षा चालत्या माणसाला पाहून ते पुष्कळदा अधिक लांबूनच उडतात. आता हिशेब करा. हिवाळ्यात येणारे किलोभर वजनाचे तलवार बदक 20 मीटर वर चढले, की गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे 200 ज्यूल कार्य होते. स्नायूंची कार्यक्षमता पाव धरली, तर अन्नातून 800 ज्यूल गेले. पुढे उडत जाण्याचा खर्च वेगळाच. परतीच्या प्रवासासाठी साठवलेल्या चरबीतून ही वसुली आपण दिवसातून किती वेळा करावी?

म्हणून सायकली गावरस्त्यावरच ठेवाव्यात आणि दुर्बीण घेऊन चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावर चढावे. काठाकाठाने चक्कर मारण्याचा हट्ट शिक्षकांनीही धरू नये.