जाम नदीचे उद्याचे पाणी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये, जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. पात्रात रोवलेल्या पळसावरील झेंड्यासाठी रक्त सांडते आणि त्याची वार्ता देशभर पोहोचते. त्या नदीच्या पाण्याचे पुढे काय होणार, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिलेला पांढुर्णा-सौंसरचा हा मराठी मुलूख २०२३ साली स्वतंत्र जिल्हा झाला. संत्री हे त्याचे वैभव. येथील जाम कन्हानला मिळते. कन्हान नागपूरची तहान भागवीत वैनगंगेला मिळते. या नद्यांच्या पाठीशी हिमालयाचे बर्फ नाही. पाऊस हेच त्यांचे भांडवल.

त्या पावसाची रीतच पालटत आहे. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची शक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. मध्य भारतात एकूण पाऊस घटत असतानाच विस्तृत अतिवृष्टीचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढले, असे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले. उद्या वार्षिक सरासरी टिकली, तरी चार दिवसांत कोसळलेले पाणी कातळात मुरण्यापूर्वीच वाहून जाणार. संत्र्याच्या झाडाला पाणी हवे असते ते वैशाखात; श्रावणातील पुराचा त्याला काय उपयोग?

शेजारच्या पेंच नदीवरील तोतलाडोह धरण २०१९ च्या जुलैत तळाला गेले आणि नागपुरात दिवसाआड पाणी आले. वरच्या चौराई धरणाकडे तेव्हा बोटे दाखविली गेली. गोदावरीच्या पाण्याचा निवाडा १९८० चा. आमच्या म्हादईचा २०१८ चा. दोन्ही वाटण्या मागील प्रवाहांच्या हिशेबावर बेतलेल्या. मागील हिशेब पुढे लागू पडेनासा झाला, तर कागदावरचा वाटा घागरीत कसा उतरणार?

म्हणून आमचे म्हणणे असे की, दोन्ही राज्यांनी उन्हाळी प्रवाहाची मोजणी करून तिचे आकडे दरवर्षी जनतेपुढे ठेवावेत. तुटीच्या वर्षी कोणी किती सोसावे, हे आधीच लिहून ठेवावे. आणि नव्या धरणाचा दगड बसविण्यापूर्वी सातपुड्याच्या उतारावर पाणी अडवून मुरवावे. म्हादईच्या काठी राहणाऱ्या आम्हांसही हाच मार्ग धरावा लागेल. जाम दूर आहे, म्हणून तिचे दुःख परके मानून चालणार नाही.