सोप्या खेळपट्टीचे भक्त

आपल्या वऱ्हाडात पीक बुडाले म्हणून कोणी शेतकरी काळ्या मातीवर फिर्याद ठोकीत नाही. पण क्रिकेटचा सामना तीन दिवसांत आटोपला की माणसे मातीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करतात. २०१५ च्या नोव्हेंबरात नागपूरजवळ जामठ्याला भारत आणि दक्षिण आफ्रिका यांची कसोटी झाली. पाहुण्यांचा पहिला डाव ७९ धावांत गडगडला, अश्विनने सामन्यात बारा गडी टिपले आणि तिसऱ्याच दिवशी आपण १२४ धावांनी जिंकलो. मागाहून आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने खेळपट्टीवर ‘निकृष्ट’ असा शेरा मारला. झाले! अकोल्याच्या पानठेल्यांवर जो तो पंच होऊन बसला. पाच दिवसांची जत्रा तिसऱ्या दिवशीच उठली, एवढेच त्यांचे दुःख.

माझे भांडण या मंडळींशी आहे. त्या सामन्यात एकाही फलंदाजाला पन्नाशी गाठता आली नाही, म्हणून काय तो खेळच नव्हता? दुसऱ्या डावात आमला आणि डू प्लेसी छेचाळीस षटकांहून अधिक काळ उभे राहिले आणि त्यांनी ७२ धावा जोडल्या. आमलाने ३९ धावांसाठी १६७ चेंडू खेळून काढले! एक चेंडू हातभर वळतो, दुसरा घोट्याशी सरपटतो, आणि हा गृहस्थ मान खाली घालून पुन्हा उभा. रात्री मी ते चित्रण पाहत होतो, तो शेजारचे भाऊ डोकावले आणि म्हणाले, “गुर्जी, हे काय पाहून राह्यले? कोनी मारूनच नाही राह्यलं!”

गोल्फ या साहेबी खेळात कमी फटके घेईल तो जिंकतो. १९९९ साली स्कॉटलंडातल्या कार्नुस्टीला मोठी स्पर्धा भरली. चार फेऱ्यांना २८४ फटके हा ठरीव हिशेब. पण माजलेले गवत, चिंचोळ्या वाटा आणि वारा यांनी अशी दाणादाण उडवली की जिंकणाऱ्या पॉल लॉरीलाही २९० लागले. एकोणीस वर्षांचा सर्जिओ गार्सिया ८९ आणि ८३ फटके मोजून बसला. बिचारा आईच्या कुशीत रडला. तिथेही खेळाडूंनी मैदानाच्या नावाने बोटे मोडलीच. पण ती स्पर्धा लोक अजून आठवतात.

यजमानाने आपल्या फिरकीपटूंच्या सोयीची माती शिजवली, हा आक्षेप मात्र मी झटकून टाकीत नाही. पण पानठेल्यावरचा आक्षेप तो नव्हताच. पाहुण्यांवर अन्याय झाला म्हणून तिथे कोणी हळहळले नाही. चौकार दिसले नाहीत म्हणून हळहळले. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. तिथे मल्लखांब पाहणारा कोणी, खांब फार गुळगुळीत आहे बुवा, त्याला खाचा पाडा, असे म्हणतो काय?

आणि हे दुखणे मैदानापुरते राहिलेले नाही. परवा चाचणीत मी गणिताचे एक आडवळणी उदाहरण घातले, तर तीन पालक तावातावाने घरी आले. पेपर अवघड का काढला, एवढेच त्यांचे विचारणे. आपला मुलगा त्या उदाहरणात कुठल्या पायरीपर्यंत पोचला होता, हे तिघांपैकी एकानेही विचारले नाही.